कुत्र्याचं कूलिंग जॅकेट: नागपुरात चालेल, रत्नागिरीत नको (५ पैकी २)

नागपूरच्या माझ्या मावसबहिणीनं एप्रिलमध्ये फोटो पाठवला. तिचा कुत्रा राजा भर दुपारी व्हरांड्यात तंगड्या पसरून झोपलाय आणि अंगात राखाडी बंडीसारखं काहीतरी आहे. खाली लिहिलं होतं, 'ताई, डोळे मिटून मागव.' मी खरंच डोळे मिटून मागवलं. १,८९९ रुपये, साइज एक्सएल, पाचव्या दिवशी रत्नागिरीत दारात.

आमचा गुंडू लॅब्रेडॉर, सात वर्षांचा, ३१ किलो. त्यातले निदान तीन किलो सासूबाईंच्या भाकरीचे.

वस्तू म्हणून जॅकेटला नावं ठेवणार नाही. वर जाळी, मध्ये पाणी धरणारा जाडसर थर, आत मऊ अस्तर. बादलीत बुडवायचं, पिळायचं, घालायचं आणि पोटाखालचे दोन पट्टे वेल्क्रोने लावायचे. शिवण पक्की आहे. मान, छाती, पाठ टेपने मोजून साइज निवडली होती, ती तंतोतंत बसली. पाकिटावर मात्र ठसठशीत अक्षरांत, 'एकदा भिजवा, ८ तास थंडावा'.

सासूबाईंनी पाकीट वाचलं नाही. ओलं जॅकेट हातात घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, हा कूलरच की. आपल्याकडे कूलर कधी चाललाय?"

तिथेच थांबायला हवं होतं. यांच्या अकोल्याच्या नोकरीतला कूलर आमच्या माळ्यावर पडून आहे, त्यात आता आंब्याचा पेंढा भरून ठेवतो. तिकडे पारा ४४-४५ ला जातो, पण हवा कोरडी. ओल्या कापडातलं पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ३३-३४ च्या वर फारसा जात नाही, पण दोरीवरचा टॉवेल संध्याकाळपर्यंत दमटच. हवा आधीच पाण्याने तुडुंब, ती जॅकेटमधलं आणखी कुठे घेणार? मग उरतं काय, तर केसाळ कुत्र्याच्या अंगावर ओली गोधडी.

ही कापडाची गोष्ट झाली. कुत्र्याचंही तेच असतं, हे मला १,८९९ रुपये घालवल्यावर कळलं. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या तळव्यांना, तोही नावापुरता. बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. जीभ, तोंड, श्वासनलिका यांवरचं पाणी उडून अंग निवतं. दमट हवेत ते नीट उडत नाही, म्हणून तो आणखी जोरात धापतो, लाळ गळते, अंगातलं पाणी संपत जातं आणि अंग काही थंड होत नाही. पैसे गेले आणि माल नाही, असा व्यवहार.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळी साडेपाचला, जॅकेट घातलंय या भरवशावर, गुंडूला भाट्याच्या किनाऱ्यावर नेलं. एरवी मेमध्ये सातच्या आधी त्याला बाहेर काढत नाही. वारा पडलेला, आभाळ भरून आलेलं. पाऊण तास तो चेंडूमागे पळाला आणि माझी नजर चुकवून समुद्राचे चार-पाच घोटही प्याला. खारं पाणी पोटात गेलं की ते अंगातलंच पाणी ओढून घेतं, वर उलटी-जुलाब. म्हणजे सगळं खापर जॅकेटवर फोडणार नाही. त्यातलं अर्धं माझं.

गाडीपाशी आल्यावर तो बसला तो उठेना. दोनदा उलटी झाली. लाळ पातळ राहिली नव्हती, खळीसारखी तारा धरत होती. हिरडीला बोट लावलं तर ते चिकटलं. जॅकेटच्या आत हात घातला तर पाणी कोमट झालेलं, न्हाणीघरातल्या बंबाचं उरलेलं असतं तसं.

डॉक्टरांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर जॅकेट काढून कोपऱ्यात फेकलं. ताप १०४.८ निघाला, कुत्र्याचा नेहमीचा १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असतो. पोटावर, जांघेत, पंजांवर साधं नळाचं पाणी ओतलं आणि समोर टेबलफॅन फुल्ल. बर्फ आणू का विचारलं तर म्हणाले, "नको वहिनी, बर्फाने कातडीच्या शिरा आखडतात, आतली उष्णता आतच कोंडते." पुढच्या पायाला सुई लावून सलाइन सोडलं. १०३ ला आल्यावर पाणी ओतणं थांबवलं, नाहीतर अंग गरजेपेक्षा जास्त गार पडतं म्हणे. दुसऱ्या दिवशी मूत्रपिंडासाठी रक्त तपासलं, ते ठीक आलं. एकूण खर्चात अशी दोन जॅकेटं आली असती.

सलाइन चालू असताना त्यांनी माझ्याकडून एक गोष्ट घोटून घेतली. ओठ वर करायचा, हिरडी अंगठ्याने दाबायची. पांढरा ठिपका पडतो. तो दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी झाला पाहिजे आणि हिरडी ओली, बुळबुळीत लागली पाहिजे. खांद्यावरची कातडी चिमटीत उचलून सोडायची, ती लगेच बसली तर ठीक, तंबूसारखी उभी राहिली तर पाणी कमी. पण गुंडूसारख्या खात्यापित्या घरच्या कुत्र्यात हा चिमटा फसवतो, चरबीमुळे कातडी बसते आणि आपल्याला वाटतं सगळं छान आहे. म्हणून आधी हिरडी. आणि निपचित पडलेल्या कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, ते फुप्फुसात जातं. माणसांचं ओआरएस मनाने द्यायचं नाही. बिनसाखरेच्या पाकिटात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते गोड द्रव्य) असेल तर ते कुत्र्याला विष.

आता आमच्याकडे जॅकेटशिवाय काय चालतं ते सांगते. सकाळी साडेपाचला आणि रात्री आठनंतर फिरणं. दुपारी गुंडू न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर पोट टेकून पडतो, दारात फॅन. पाणी मोजून ठेवते: दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिली धरलं तर त्याला साधारण १.५ ते १.९ लीटर लागतं, उन्हाळ्यात जास्तच. सकाळी दोन लीटर भरायचं, रात्री उरलेलं तांब्याने मोजायचं. कमी प्याला असेल तर चिकन उकडलेलं पाणी गार करून भाकरीवर. त्यात मीठ नाही आणि कांदा-लसूण तर अजिबातच नाही, दोन्ही कुत्र्याला बाधतात. सासूबाईंना हे 'पाणचट' वाटतं, पण गुंडू भांडं भिंतीपर्यंत ढकलत चाटून काढतो.

जॅकेटची आणखी एक तक्रार. इथल्या हवेत ते वाळत नाही. तिसऱ्या दिवशी कुबट वास आणि काखेत गुंडूला लाल चट्टा. विकणाऱ्याला फोटोसकट लिहिलं, तर उत्तर आलं, 'वापरलेला माल परत घेतला जात नाही. कृपया हवेशीर जागी वापरावे.' समुद्रकिनाऱ्यापेक्षा हवेशीर जागा मला तरी माहीत नाही.

दोन तारे दिले ते शिवणीला आणि मापाच्या तक्त्याला. जॅकेट कडक उन्हात दोन दिवस वाळवून कुरियरने नागपूरला पाठवलं. राजा जेमतेम १८ किलोचा, त्यामुळे ते त्याला पार ढोपरापर्यंत येत होतं. बहिणीने शिंप्याकडून कापून घेतलं आणि उरलेल्या तुकड्याची माठाखाली घालायला चुंबळ केली.