कोडावरील फोटोथेरपी : पुण्यातील एका दवाखान्याचा अनुभव

धाकट्या बहिणीच्या कोडावर ज्या खासगी दवाखान्यात फोटोथेरपी, म्हणजे प्रकाशकिरणांचा उपचार, चालू आहे, तिथल्या यंत्राआधी पहिल्या तपासणीविषयी लिहावे लागेल, कारण इतरत्र नेमकी तीच घाईत उरकली जाते. डॉक्टरांनी खोली अंधारी करून वुड्स लॅम्पचा, म्हणजे त्वचा तपासायच्या अतिनील दिव्याचा, जांभळट प्रकाश हातावर धरला, तेव्हा एरवी न दिसणारे डागही खडूसारखे पांढरे उजळले. मग बहिणीला डोळे मिटायला सांगून त्यांनी डागावर कापूस फिरवला आणि तिला स्पर्श नीट कळतो, हे आईला दाखवून दिले. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर संवेदना बहुधा कमी झालेली असते, कोडात ती शाबूत राहते. रोगप्रतिकारशक्ती रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींवरच उलटल्याने हा विकार होतो आणि तो स्पर्शाने पसरत नाही, हे समजावून त्यांनी थायरॉइडची तपासणीही करायला सांगितली. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने कोड होते का, हा प्रश्न आईने विचारलाच. त्याचा कोडाशी संबंध नाही, हे त्यांनी न हसता सांगितले.

उपचार ३११ नॅनोमीटर तरंगलांबीच्या यूव्हीबी (अतिनील) किरणांचा आहे. आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये किमान एक दिवस सोडून, डोळ्यांवर गडद चष्मा लावून यंत्रात उभे राहायचे. चेहरा आणि मान लवकर प्रतिसाद देतात, पण बोटांची टोके आणि केस पांढरे झालेले डाग बहुधा दाद देत नाहीत, हे पैसे घेण्यापूर्वीच सांगण्याचा प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटला. काही महिन्यांनी मानेवरच्या डागात केसांच्या मुळाशी तपकिरी ठिपके उमटले. रंग परततो तो बहुधा असाच, ठिपक्याठिपक्याने. (बावचीचे तेल लावून उन्हात बसण्याचा सल्ला देणारे घरोघरी भेटतात, त्याने त्वचा भाजून फोड येऊ शकतात आणि जखमेच्या जागी नवा डागही उठू शकतो.)

व्यवस्थेला मात्र मी कमीच गुण देईन. संध्याकाळी दिलेली वेळ क्वचितच पाळली जाते, आणि एकदा तर नव्या मदतनिसाने मागच्या खेपेला किती सेकंद दिले होते, हे आम्हालाच विचारले. मात्रा हळूहळू वाढवायची असते आणि चुकल्यास त्वचा भाजते, तिथे ही नोंद रुग्णाच्या स्मरणावर सोडणे अक्षम्य आहे. तिथे जाणाऱ्यांनी स्वतःची वही ठेवावी आणि पॅकेजचे पैसे एकरकमी भरू नयेत. मागितल्यास प्रत्येक खेपेचे वेगळे बिल मिळते.