यँकीज की मेट्स? न्यू जर्सीत राहून कोणाच्या बाजूने बसायचं

एडिसन, प्रिन्सटन किंवा जर्सी सिटीत नव्याने राहायला आलेल्या मराठी मंडळींना एप्रिल उजाडला की हा प्रश्न पडतोच. ऑफिसात सगळे बेसबॉलवर बोलत असतात, पोरं शाळेतून टोपीचा हट्ट घेऊन येतात, आणि न्यू जर्सीला स्वतःचा मोठ्या लीगमधला संघ नाही. मग हडसनपलीकडच्या दोघांतला एक निवडायचा: ब्राँक्सचे यँकीज किंवा क्वीन्सचे मेट्स. (दक्षिण जर्सीवाले फिलाडेल्फियाच्या फिलीजच्या मागे जातात, त्यांचं त्यांना लखलाभ.) मी यँकीजवाला आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुठे तोल गेला तर तुम्हाला लगेच ओळखता येईल.

इतिहास पटकन उरकू. यँकीजच्या नावावर २७ वर्ल्ड सिरीज (मोठ्या लीगची अंतिम मालिका) आहेत आणि १९९२ नंतर त्यांचा एकही हंगाम विजयांपेक्षा जास्त पराभवांवर संपलेला नाही. डॉजर्स आणि जायंट्स हे दोन्ही संघ न्यूयॉर्क सोडून कॅलिफोर्नियाला गेल्यावर १९६२ मध्ये मेट्स जन्माला आले. एकाचा निळा रंग घेतला, दुसऱ्याचा नारिंगी, आणि पहिल्याच हंगामात १२० सामने हरले. त्यांची जेतेपदं दोनच, १९६९ आणि १९८६. कपाटातले चषक मोजून निवड करणार असाल तर पुढे वाचायची गरज नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा की यँकीजचा शेवटचा चषकही २००९ चा आहे. आज ज्या पोराला टोपी घ्यायची आहे, त्याचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

जज आणि सोटो

खरी निवड मला या दोन माणसांत दिसते.

अ‍ॅरन जज सहा फूट सात इंच उंच आहे. २०२२ मध्ये त्याने ६२ होमरन (आपल्या सिक्सरसारखे, थेट मैदानाबाहेरचे फटके) मारून रॉजर मॅरिसचा १९६१ पासूनचा अमेरिकन लीगचा (मोठ्या लीगच्या दोन भागांतल्या एकाचा) विक्रम मोडला. पण त्याचं २०२५ चं वर्ष मला त्याहून भारी वाटतं: ५३ होमरन आणि शिवाय .३३१ ची सरासरी (बॅटिंगच्या साधारण दर तीन प्रयत्नांत एक हिट, म्हणजे बेस मिळवून देणारा फटका), म्हणजे लीगमध्ये पहिला नंबर. इतका लांब मारणारा गडी सहसा तितकाच फसतोही. जज दोन्ही साधतो. तिसऱ्यांदा एमव्हीपी (हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू) झाला, ते उगाच नाही.

‘ऑक्टोबरात जज चालत नाही’ हे मेट्सवाल्यांचं आवडतं वाक्य. त्यांना २०२५ च्या प्लेऑफमधला (ऑक्टोबरातल्या बाद फेरीतला) टोरांटोविरुद्धचा तिसरा सामना दाखवा. यँकीज ६-१ ने मागे होते, तिथून ६-३ झालं होतं. ताशी १०० मैलांच्या आसपासचा चेंडू, तोही अंगावर येणारा, स्ट्राइक झोनच्या (मारण्याजोग्या चेंडूच्या कल्पित चौकटीच्या) बाहेर. असा चेंडू मारायचाच नसतो. जजने हात आत ओढून घेतले आणि तो डावीकडच्या फाऊल पोलवर (सीमेवरचा खांब, त्याला लागला की होमरन) आदळवला. तीन धावा, बरोबरी, आणि शेवटी ९-६ ने विजय. दुसऱ्या दिवशी यँकीज हरून स्पर्धेबाहेर गेले, ती गोष्ट वेगळी.

हुआन सोटो २०२४ मध्ये आमच्याकडेच होता. क्लीव्हलंडमध्ये दहाव्या इनिंगला (नेहमीच्या नऊ डावांत बरोबरी झाल्यावरच्या जादा डावात) त्याने तीन धावांचा होमरन मारला आणि यँकीज वर्ल्ड सिरीजला पोहोचले. डिसेंबरात तो १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी डॉलर घेऊन मेट्सकडे गेला. जखम अजून ओली आहे, तरीही कबूल करतो की चेंडू पारखण्यात आज त्याच्या तोडीचा कोणी नाही. चार चेंडू झोनबाहेर पडले की फुकट पहिला बेस मिळतो, त्याला वॉक म्हणतात, आणि सोटो हा वॉक हक्काने वसूल करतो. ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडण्यातली मजा ज्यांना द्रविडने शिकवली, त्यांना सोटो चटकन आवडेल. फरक इतकाच की हा चेंडू सोडल्यावर पाय घासत, खाली वाकून पिचरकडे (चेंडू टाकणाऱ्याकडे) रोखून बघतो. द्रविडने असं काही केलं असतं तर!

आता वयाचं गणित बघा. जज एप्रिल २०२६ मध्ये ३४ चा होतो. सोटो २७ चा आहे आणि त्याचा करार २०३९ पर्यंत चालतो. मध्ये बाहेर पडायची मुभा त्याला आहे, पण मेट्सकडे पैसे वाढवून ती रद्द करायची सोयही आहे. म्हणजे सोटो अजून बरीच वर्षं बघायला मिळेल. असा जज मात्र फार तर तीन-चार हंगाम.

डोकं कोणाचं चालतं?

इथे आमची बाजू लंगडी आहे. ब्रायन कॅशमन १९९८ पासून यँकीजचा कारभार बघतोय आणि त्याचं सूत्र साधं आहे: वॉक मिळवा, होमरन मारा, बाकी बघून घेऊ. यँकी स्टेडियमची उजवी बाजू कोपऱ्यात अवघी ३१४ फुटांवर, त्यामुळे हे सूत्र घरच्या मैदानावर झकास चालतं. मार्च २०२५ मध्ये मिलवॉकीविरुद्ध यँकीजने एका सामन्यात नऊ होमरन मारले, त्यातले तीन तर पहिल्या तीन चेंडूंवर. १६२ सामन्यांत अशी ताकद पुरते. ऑक्टोबरात समोर दमदार पिचर आले, की ‘बाकी’ काय असतं ते कळतं.

२०२४ च्या डॉजर्सविरुद्धच्या वर्ल्ड सिरीजचा पाचवा सामना मिळाला तर पाचवी इनिंग जरूर बघा. यँकीज ५-० ने पुढे, त्यांचा पिचर गेरिट कोलने तोवर एकही हिट दिलेला नाही. मग एक हिट गेला. पाठोपाठ जजच्या हातातून सोपा झेल सुटला. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर) अँथनी वॉल्पीने तिसऱ्या बेसकडे वाकडा थ्रो केला. बेसेस भरले, म्हणजे तिन्ही बेसवर डॉजर्सचे गडी. तरीही कोलने दोघांना स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं, त्यात एक डॉजर्सचा स्टार ओहतानी! मग मुकी बेट्सचा फर्स्ट बेसकडे घरंगळत गेलेला फुसका चेंडू. फर्स्ट बेसवरच्या रिझोने तो अडवला, पण बेसवर धावत जायचं काम पिचरचं होतं आणि कोल मध्येच थांबून बेसकडे बोट दाखवत राहिला. बेस रिकामा, बेट्स सेफ. त्यानंतर ५-५ व्हायला वेळ लागला नाही. सामना ७-६ ने गेला आणि सिरीजही. या तिन्ही गोष्टी शाळेच्या संघातही घोटून घेतल्या जातात.

त्याच सिरीजच्या पहिल्या सामन्यात मॅनेजर अ‍ॅरन बूनने महिनाभराहून जास्त काळ न खेळलेल्या पिचर नेस्टर कोर्टेसला दहाव्या इनिंगला आणलं आणि डॉजर्सच्या फ्रेडी फ्रीमनने ग्रँड स्लॅम (बेसेस भरलेले असतानाचा चार धावांचा होमरन) मारून सामना संपवला. त्यावर मी बोलायला लागलो तर जागा पुरणार नाही.

मेट्सकडे २०२३ च्या अखेरीस मिलवॉकीहून आलेला डेव्हिड स्टर्न्स आहे. कमी पैशांत संघ उभा करण्यात तो मुरलेला, आणि मालक स्टीव्ह कोहेनकडे पैशाला तोटा नाही. कागदावर यापेक्षा चांगली जोडी मिळणं कठीण. प्रत्यक्षात २०२५ च्या जूनमध्ये मेट्स सगळ्या लीगमध्ये अव्वल होते, आणि तिथून घसरत शेवटच्या दिवशी प्लेऑफबाहेर गेले. त्या दिवशी मायामीत जिंकले असते तरी आत होते, कारण त्याच जागेसाठी झगडणारं सिनसिनाटी हरलं होतं. पीट अलॉन्सोने बेसेस भरलेले असताना सणसणीत फटका मारला, तो थेट फील्डरच्या हातात. ४-० ने हार. पिचिंग अर्धा हंगाम जखमी होतं हे खरं, पण भरवशाचे पर्याय वेळेत आणले गेले नाहीत हेही तितकंच खरं.

त्यानंतर स्टर्न्सने घर झाडूनच काढलं. संघाच्या इतिहासात सर्वाधिक होमरन मारणारा अलॉन्सो बाल्टिमोरला गेला, क्लोजर (शेवटची इनिंग टाकणारा पिचर) एडविन डियाझ डॉजर्सकडे. निम्मोला देऊन चांगली फील्डिंग करणारा सेमिएन आणला. यँकीजने बेलिंजरला परत करारबद्ध केलं आणि जवळपास तोच संघ पुन्हा मैदानात. मला विचाराल तर स्टर्न्सचा धाडसीपणा आवडला. पण अलॉन्सोला सोडणं मेट्सवाले इतक्यात विसरणार नाहीत.

घरबसल्या आणि मैदानावर

सहा महिने जवळजवळ रोज सामना असतो, त्यामुळे कॉमेंट्री हा किरकोळ मुद्दा नव्हे. इथे मेट्स सरळ जिंकतात. गॅरी कोहेन, कीथ हर्नांडेझ आणि रॉन डार्लिंग २००६ पासून एकत्र बोलतायत. त्यातले दोघे १९८६ च्या विजेत्या संघात होते, तरी आपल्याच संघाची सालटी काढायला कचरत नाहीत. नवख्याला खेळ शिकायला याहून चांगली शाळा नाही. मी स्वतः म्यूट न करता त्यांचे सामने बघतो, घरच्यांना सांगू नका.

एडिसनहून दोन्हीकडे जाणं सारखंच कटकटीचं: आधी पेन स्टेशन. तिथून सिटी फील्डला लाँग आयलंडची रेल्वे थेट दारात सोडते, यँकी स्टेडियमला ३४व्या रस्त्यावरून सबवेची डी गाडी. मैदान म्हणून सिटी फील्ड मला मोकळं वाटतं, खाणंही बरं मिळतं. शिवाय नोव्हेंबर २०१५ मध्ये सचिन आणि शेन वॉर्नचे संघ तिथेच खेळले होते. मराठी माणसाला तेवढ्यावर मेट्स पटले तर मी वाद घालणार नाही.

घरात आठ-दहा वर्षांचं पोर असेल, त्याच्यासोबत पुढची दहा वर्षं काढायची असतील, तर सोटो आणि मेट्स घ्या. तुम्ही स्वतःसाठी बघणार असाल, तर या वर्षीच यँकीजचं तिकीट काढा, उजव्या बाजूचं, सेक्शन २०३ च्या आसपास, कारण जज बहुतेक वेळा समोरच उभा असतो. पहिली इनिंग सुरू व्हायच्या आत जागेवर बसा. तिथले पब्लिक एकेका खेळाडूचं नाव पुकारतं आणि त्याने हात केल्याशिवाय सोडत नाही. उशीर झाला तर तो हजेरीचा कार्यक्रम हुकतो.