जोत्याची भिंत बदलली म्हणून पैसे घेतले, आत जुनीच भिंत निघाली

औसा तालुक्यातल्या आमच्या गावच्या घराची रस्त्याकडची जोत्याची भिंत पायापासून बदलून देतो, असं सांगून एका ठेकेदाराने आमच्याकडून २ लाख ८५ हजार रुपये घेतले. भिंत ३२ फूट लांब. त्यातली पहिली ४ फूट त्याने खरी बांधली. उरलेल्या २८ फुटांत जुनीच भिंत, जुनाच पाया, आणि ते झाकायला बाहेरून ४ इंची ब्लॉकचा पडदा व प्लास्टर. हा माणूस अजूनही आजूबाजूच्या गावांत हीच कामं घेतो आहे आणि असं करणारा तो एकटा नाही, म्हणून सगळं तपशिलाने लिहिते आहे.

आमच्या भागात सिमेंटच्या ब्लॉकवर लोकांचा विश्वास का, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. त्यानंतर ज्याला जमलं त्याने ब्लॉकचं घर बांधलं. आमचंही तसंच. कॉलम नाहीत, ब्लॉकच्या भिंतींवरच स्लॅब. अशा घरात जोत्याची भिंत म्हणजे सगळा भार पेलणारी भिंत. ती सरकली की वरचं सगळं सरकतं.

तेव्हाच्या मिस्त्रीने पाया खणताना निघालेली काळी मातीच जोत्यात भरली होती. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, हे शेतात भेगा बघणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी या मातीवर वर्षानुवर्षं काम करून, न फुगणाऱ्या मातीचा थर दिला की फुगवटा कसा आवरतो ते दाखवून दिलं. म्हणूनच जोत्यात मुरूम भरायचा असतो. आमच्याकडे काळी माती आतून ढकलत राहिली, भिंत बाहेर पोट काढायला लागली आणि सांध्यासांध्यांतून पायरीपायरीने वर चढणारा तडा खिडकीपर्यंत पोचला. भिंत बदलण्याची गरज खरी होती. गावातल्या दुसऱ्या मिस्त्रीनेही तेच सांगितलं होतं.

मी पुण्यात असते. गावी अण्णा आणि आई. ठेकेदाराने घरी येऊन कागदावर जे लिहून दिलं ते शब्दशः बरोबर होतं. स्लॅबला आतून लोखंडी जॅकचा टेकू द्यायचा, भिंत ४-४ फुटांच्या तुकड्यांत आणि एक आड एक काढायची, पक्का मुरूम लागेपर्यंत, किमान ५ फूट, खणायचं. तळाला पीसीसी म्हणजे बिनसळईचं साधं काँक्रीट, त्यावर सळईचं फुटिंग म्हणजे भार पसरवणारा पायाचा रुंद काँक्रीटचा पट्टा, मग ८ इंची सॉलिड ब्लॉक, जमिनीखाली एकास चार (एक सिमेंट, चार वाळू) मालात. वर प्लिंथ बीम (जोत्याच्या माथ्यावरचा सळईचा काँक्रीट पट्टा), डीपीसी (ओल वर चढू न देणारा थर) आणि आत मुरमाचा भराव, सहा-सहा इंचांच्या थरांत पाणी मारून धुमसलेला. दुसऱ्या कुणाला दाखवलं असतं तरी त्याने यात काही खोट काढली नसती. पाया बदलायची रीत हीच आहे.

पहिला तुकडा त्याने निंबाच्या झाडाजवळ घेतला आणि तो अण्णांना समोर बसवून केला. साडेपाच फुटांवर पहारीचा आवाज बदलला. वरची काळी माती पहार गिळते, आवाज येत नाही. इथे ठण् झालं आणि पिवळा मुरूम उडाला. अण्णांनी मूठभर हातात घेऊन पाहिला. पीसीसी झाली, दुसऱ्या दिवशी सळईची जाळी बांधली, फुटिंग ओतलं, त्यावर पाणी मारलं, मग ब्लॉक चढले. फुटिंगच्या दोन्ही टोकांना १२ मिमीच्या सळया दोन-दोन फूट बाहेर ठेवल्या होत्या. पुढच्या तुकड्याच्या सळईला जोड द्यायला सळईच्या जाडीच्या पन्नासपट लांबी लागते, म्हणजे ६०० मिमी, दोन फूट. तो तुकडा आजही ओळंब्यात आहे. एवढं चांगलं काम बघितल्यावर निम्म्याहून जास्त रक्कम दिली गेली. पहिला तुकडा चांगला करणं हा त्याच्या धंद्याचा भाग आहे, हे आता दोन-तीन घरांकडून ऐकल्यावर मी खात्रीने सांगते.

दुसऱ्या तुकड्यापासून हिरवी नेट लागली. "काका, धूळ उडतेय, तुम्ही आत बसा. मालक उन्हात उभा राहिला की गड्यांचं कामात ध्यान लागत नाही." अण्णा चौऱ्याहत्तरीचे, गुडघ्याने अधू, खड्ड्यात उतरू शकत नाहीत, हे त्याने पहिल्याच दिवशी हेरलं होतं. पहाटे खणायला सुरुवात आणि दिवे लागायच्या आत खड्डा भरून माती सपाट. कारणं सगळी पटणारी. रात्री उघडा ठेवला तर गुरं पडतील, पोरंसोरं पडतील. मृग तोंडावर आलाय, पाणी शिरलं तर घर बसेल.

इथे थोडं थांबून हिशेब मांडते. सकाळी खणलेल्या खड्ड्यात संध्याकाळपर्यंत भिंत उभी राहूच शकत नाही. पीसीसी आवळायला वेळ लागतो, त्यावर फुटिंग दुसऱ्या दिवशी, त्याच्यावर ब्लॉक त्यानंतर, आणि शेजारचा तुकडा तर हा पुरेसा मजबूत झाल्यावरच. एका तुकड्याला चार-पाच दिवस धरा. आठ तुकड्यांचं काम महिन्याभराचं असतं. ते आठवड्या-दीड आठवड्यात आटोपतं तेव्हा जमिनीखाली काही झालेलंच नसतं. तुमच्याकडे रोज खड्डा खणून रोज भरला जात असेल, तर पुढचं वाचायच्या आधी काम थांबवा.

रोजचे फोटो तो मला पाठवायचा. खोल खड्डा, जाळी, बाहेर आलेल्या सळया, एका फोटोत तर खड्ड्यात उभा धरलेला टेप. ते सगळे फोटो पहिल्याच तुकड्याचे होते, वेगवेगळ्या बाजूंनी काढून ठेवलेले. नंतर एकापुढे एक लावून बघितले तेव्हा प्रत्येकात खड्ड्याच्या उजव्या भिंतीतून निंबाची दुबेळक्याची कापलेली मुळी बाहेर आलेली दिसते. रस्त्याच्या टोकाकडच्या तुकड्यात निंबाची मुळी कुठून येणार? ब्लॉक तपासल्याचा रिपोर्ट म्हणून पाठवलेला कागदही ब्लॉकचा नव्हता. तो दुसऱ्या कुठल्यातरी कामावरच्या एम-२० प्रतीच्या काँक्रीटच्या क्यूबचा, म्हणजे तपासणीसाठी ओतलेल्या ठोकळ्याचा होता आणि त्यावरची तारीख आमचं काम सुरू व्हायच्या आधीची होती.

पावसाळा कसाबसा गेला. पुढच्या उन्हाळ्यात जमीन आक्रसली आणि प्लास्टरवर तोच तडा त्याच जागी उमटला, या वेळी बोट जाईल एवढा. ठेकेदार फोनवर म्हणाला, "अण्णा, काळ्या रानातलं घर आहे, तडे जाणारच. मातीला मी काय करू?" मग गावातल्याच एका जुन्या गवंड्याकडून मधोमध खड्डा घेतला. दोन फुटांखाली नवं काम संपलं. तिथे ४ इंची ब्लॉकचा पडदा नुसत्या भुसभुशीत भरावावर उभा होता, मागच्या भिंतीशी ना सळईची गाठ, ना एखादा आडवा ब्लॉक आत घातलेला. मागे आमची जुनी भिंत, जुन्या प्लास्टरचे पापुद्रे तसेच चिकटलेले. फुटिंग नाही, मुरूम नाही, सळईचा तुकडाही नाही. आणखी दोन ठिकाणी खणलं, तिथेही हेच.

पैसे गेले त्याहून वाईट गोष्ट वेगळीच. जुन्या पायाजवळची दाबून बसलेली माती त्याने उकरून सैल केली आणि त्या सैल भरावातून पावसाचं पाणी थेट पायाखाली जायला वाट करून दिली. आमचं घर काम करण्याआधी जेवढं धोक्यात होतं, त्याहून जास्त धोक्यात त्याने आणलं. आईवडील त्याच खोलीत झोपत होते. याचा राग माझ्या मनातून जात नाही.

ब्लॉकबद्दल स्वतंत्र सांगायला हवं, कारण पूर्ण काम प्रामाणिक असलं तरी इथे गंडवलं जातं. आमच्याकडे आलेले ब्लॉक ओलसर, गडद रंगाचे होते, म्हणजे नुकतेच साच्यातून काढलेले. ब्लॉकसाठी आयएस २१८५ हे मानक आहे. त्याप्रमाणे किमान १४ दिवस ते ओले ठेवायचे आणि नंतर चार आठवडे वाळू द्यायचे, मगच बांधकामात घ्यायचे. सॉलिड ब्लॉकची घनता घनमीटरला १८०० किलोपेक्षा कमी चालत नाही. याचा अर्थ ४०० बाय २०० बाय २०० मिमीचा, म्हणजे आपला ८ इंची ब्लॉक किमान २८.८ किलो भरला पाहिजे आणि ६ इंची २१.६ किलो. धान्याच्या काट्यावर ठेवून बघता येतं. पहिल्या तुकड्यातले उरलेले दोन ब्लॉक अंगणात पडले होते, ते ३० किलोच्या पुढे भरले. पडद्यातला ४ इंची ब्लॉक १४.४ किलोच्या खाली जायला नको होता. तो वाळल्यावर साडेअकरा भरला. अंगठ्याने कड दाबली तर भुकटी सुटली. फोडला तर आत बारीक खडीचा कणही नाही, नुसती कच आणि नावाला सिमेंट. वाळलेला ब्लॉक वजन करून एक दिवस पाण्यात बुडवा आणि पुन्हा वजन करा. दहा टक्क्यांहून जास्त वाढलं तर तो जमिनीखाली घालू नका. ताकद मात्र घरी कळत नाही. त्यासाठी आठ ब्लॉक प्रयोगशाळेत दाबून सरासरी काढतात. कुठले आठ ते तुम्ही निवडायचे, ठेकेदाराने नाही. पांढरे हलके एएसी ब्लॉक पायात घालतो म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा. ते पाणी शोषतात, जमिनीखालचं ते काम नाही.

आता आम्ही भिंत पुन्हा करवून घेतो आहोत. ठेकेदाराशी काही संबंध नसलेला लातूरचा एक इंजिनिअर ठरवला आहे. प्रत्येक तुकड्याला तो तीनदा येतो. मुरूम लागल्यावर, जाळी बांधल्यावर आणि भराव टाकायच्या आधी. खड्ड्याची खोली तो स्वतः टेप सोडून घेतो आणि फोटोत तुकड्याचा नंबर रंगवलेली फरशी असते, जी दर तुकड्याला बदलते. पैसे तुकड्याप्रमाणे, त्याची सही झाल्यावर. नव्या मिस्त्रीने या अटी ऐकून जराही कुरकुर केली नाही.

जुनं काम फोडण्याआधी आम्ही तिन्ही खड्डे उघडे ठेवून इंजिनिअरकडून मोजमापासह अहवाल करून घेतला, ग्रामपंचायतीच्या दोन सदस्यांच्या सह्यांनी पंचनामा केला. हे आधी करा, दुरुस्ती नंतर. भिंत एकदा पाडली की दाखवायला काही उरत नाही. ठेकेदाराने पक्कं बिल दिलं नव्हतं, तरी बँकेतून गेलेले पैसे, त्याच्या हातचा दरपत्रकाचा कागद आणि मोबाइलवरचे फोटो एवढं पुरतं, असं वकिलांनी सांगितलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी ही सेवा धरली आहे. ५ लाखांपर्यंत दिलेल्या रकमेच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही ती दाखल करता येते. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर विचारा. आमची तक्रार दाखल झाली आहे, नोटीस निघाली आहे. ज्या दोन-तीन घरांना त्याने असंच फसवलं त्यांनीही आपापल्या भिंतीशेजारी खड्डे घेऊन कागद जमवायला सुरुवात केली आहे.