पाच किलोवरून पाऊण किलोवर : नंदुरबारच्या एका मसाला कांडपाविषयी

दुकानाला पाटी आहे, पण तिच्यावर मिरचीची इतकी पूड बसलीय की नाव वाचता येत नाही. गावात कोणी नावाने ओळखतही नाही. "आप्पांचा डंका" म्हटलं की रिक्षावाला शिंकत शिंकत नेऊन सोडतो. मीही नाव देत नाही, कारण पुढे दोन तक्रारी लिहिणार आहे आणि आप्पा माझ्यावर रुसले तर मला परवडणारं नाही.

माझं माहेर नवापूरकडचं. रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत, ते नवापूर. घरात मावची, शाळेत मराठी, बाजारात गुजराती, असं वाढले. मी नर्स, नवरा चर्चचा पाळक, म्हणजे पाद्री. २०१९ साली आम्ही मिशनच्या कामाला केनियात गेलो. पश्चिमेकडे किटाले म्हणून गाव आहे, माउंट एल्गॉनच्या बाजूला, चहूकडे मक्याची शेतं. नैरोबीहून बसने निघालं की दिवस त्यातच जातो. निघण्याआधी सगळ्यांनी सल्ले दिले. कोणी म्हणालं स्वेटर घ्या, कोणी म्हणालं गोळ्या घ्या, सासूबाई म्हणाल्या मसाला घे. सासूबाईंचं ऐकलं.

तेव्हा पहिल्यांदा या डंक्यावर गेले. दिवाळी उलटून गेली होती, ओल्या लाल मिरचीचा हंगाम. नंदुरबारच्या बाहेर पथाऱ्या पसरलेल्या असतात, नजर जाईल तिथपर्यंत जमीन लाल. आत शिरलं की डोळे झोंबतात आणि दोन मिनिटांनी सवय होते. आप्पांकडे चार लोखंडी मुसळं एका पट्ट्यावर वरखाली होत असतात. मिरची आपण आणली तरी चालते, त्यांच्याकडची घेतली तरी चालते. त्यांच्याकडची घ्या. ते मूठभर मिरची हातात घेऊन कानाशी हलवतात. बिया खुळखुळल्या तर वाळलीय. देठ काढायला बाहेर ओसरीवर दोन बायका बसलेल्या असतात, त्यांच्या बोटांकडे बघू नका, आपलीच बोटं जळायला लागतात.

चक्कीवर दळलेली मिरची आणि कांडलेली मिरची यात फरक आहे का, असं मला बरेच जण विचारतात. आहे. चक्कीत दगड तापतो, त्याबरोबर पूड तापते, रंग काळपट पडतो आणि वास निम्मा तिथेच उडून जातो. डंक्यात वेळ जास्त लागतो, पण पूड फारशी तापत नाही, आणि मिरचीचं, खोबऱ्याचं तेल मसाल्यातच मुरतं. काळ्या मसाल्याला तर कांडपच हवं. आप्पांच्या सूनबाई, आम्ही वहिनी म्हणतो, उन्हात वाळवलेला कांदा आणि खोबरं मोठ्या कढईत काळसर होईपर्यंत भाजतात. धने, जिरं, दगडफूल, तमालपत्र, लवंग, मिरी, शहाजिरं, एकेक वेगळं. सगळं एकदम कढईत ओतणाऱ्या दुकानांत मी गेलेय. तिथे धने कच्चे राहतात आणि जिरं जळतं. इथे तसं होत नाही. वहिनी भाजताना कोणाशी बोलत नाहीत, फोन वाजला तरी घेत नाहीत. दुकानाच्या पाच ताऱ्यांतले दोन एकट्या वहिनींचे आहेत.

त्या वर्षी मी पाच किलो केला. तीन किलो काळा मसाला, दोन किलो तिखट. आप्पा म्हणाले, "तुम्ही तिथे धरम सांगायला चालल्या का मसाला विकायला?" मग कौतुकाने म्हणाले, आमच्या लहानपणी गोरे पादरी इकडे यायचे, मराठी झकास बोलायचे, आता आपल्याकडच्या पोरी तिकडे निघाल्या. मला ते ऐकून बरं वाटलं आणि भीतीही वाटली, कारण मला स्वाहिलीचा एक शब्द येत नव्हता.

पाच किलो जास्त होतो का? पहिल्या वर्षी नाही झाला. नर्स म्हणून काम करायचं तर तिथली नोंदणी लागते, ती होईपर्यंत मी घरीच. नवरा सकाळी जायचा तो संध्याकाळी यायचा. मी आणि मुलगा, आणि एक शेगडी. किटाले साधारण १९०० मीटर उंचीवर आहे, नंदुरबार दोनशेच्या आसपास. तिथे पाणी ९४ अंशांनाच उकळतं, म्हणून उघड्या पातेल्यात उडदाची डाळ शिजता शिजत नाही. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दोन दिवस मी डाळीला दोष दिला, तिसऱ्या दिवशी कुकर विकत घेतला. मग आठवड्यातून चार वेळा काळ्या मसाल्याची आमटी. रस्सा असा जाळ करायचे की शेजारीण, तिला सगळे मामा वेकेसा म्हणतात, कुंपणापलीकडे शिंकायची आणि ओरडून विचारायची, "पिलीपिली?" पिलीपिली म्हणजे मिरची. तिखटाला ते 'कली' म्हणतात, आणि फाटकांवर कुत्र्यापासून सावध राहा म्हणून जी पाटी असते, 'म्ब्वा कली', तिच्यातलाही कली तोच. माझ्या रश्शाला आणि चावऱ्या कुत्र्याला एकच विशेषण.

नात्यांची गंमत तर विचारू नका. स्वाहिलीत मामा म्हणजे आई, दादा म्हणजे बहीण, काका म्हणजे भाऊ. बाबा तेवढे बाबाच राहतात. पहिल्या रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर माझी ओळख 'मामा रोहन' म्हणून करून दिली, कारण तिथे बाईला मुलाच्या नावाने हाक मारतात. रोहन तेव्हा सहा वर्षांचा. घरी येईपर्यंत हसत होता, "आई, तू मामा झालीस."

आणि वेळ. तिथे घड्याळ सूर्य उगवल्यापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे पहिला तास, 'साआ मोजा'. दहा वाजले की 'साआ न्ने', चौथा तास. भाषा शिकवणाऱ्या बाईंनी साआ न्नेला या असं सांगितलं. न्ने म्हणजे चार एवढं मी नुकतंच पाठ केलेलं, म्हणून मोठ्या ऐटीत दुपारी चारला गेले. त्या दहापासून माझी वाट बघत बसलेल्या. चहाचा थर्मास गार झालेला. रागावल्या नाहीत, उलट 'पोले, पोले' म्हणत राहिल्या. पोले म्हणजे तुला त्रास झाला, वाईट वाटलं, असं काहीतरी. मला पोळी ऐकू आली आणि डोळ्यांत पाणीच आलं. त्या संध्याकाळी घरी जाऊन फौजदारी डाळ केली, म्हणजे आमची खानदेशी झणझणीत डाळ, त्यात तिखट दुप्पट. पाच किलो कुठे गेला ते आता कळलं असेल.

आता तक्रारी.

पहिली पॅकिंगची. आप्पा प्लास्टिकच्या एका पिशवीत भरून मशीनने तोंड चिकटवतात, आणि "काही होत नही" म्हणतात. गावातल्या गावात न्यायला ठीक. २०२२ ला सुट्टीवर आले तेव्हा दोन किलो नेला, बॅग २३ किलोत बसवायची म्हणून कपड्यांमध्ये कोंबला. किटालेला उघडली तर एक पिशवी शिवणीवर फाटलेली. नवऱ्याचे तिन्ही पांढरे सदरे, माझा टॉवेल, आणि बायबल. त्याच रविवारी त्याला उपदेश करायचा होता. तीनदा धुतलेला सदरा घालून तो उभा राहिला, आणि स्तोत्र वाचायला बायबल उघडलं तशी पानांतून पूड उडाली. शिंका मोजल्या मी, अकरा. मंडळी 'पोले, पोले' म्हणत होती आणि मी खाली मान घालून बसले होते. त्या बायबलच्या पानांच्या कडा अजून तांबूस आहेत. तुम्ही परदेशी नेणार असाल तर आप्पांचं ऐकू नका, घरून जाड पिशव्या न्या, दोन एकात एक घाला आणि वरून स्टीलच्या डब्यात ठेवा. अख्खी मिरची, अख्खे धने, बियाणं म्हणून उगवू शकेल असं काही मी नेत नाही. भाजलेला, कुटलेला मसाला नेते आणि विमानतळावर विचारलं तर सांगते. 'बिझारी' म्हटलं की समजतं, तिथे मसाल्याला तोच शब्द आहे.

दुसरी तक्रार सफाईची. आधीच्या गिऱ्हाइकाचं कांडून झालं की उखळ फडक्याने पुसतात, एवढंच. माझ्या काळ्या मसाल्याला एकदा चांगला हिंगाचा वास आला, मी हिंग घातलाच नव्हता. उपाय सोपा आहे, सकाळी दुकान उघडताच पहिला नंबर लावा. दुपारी एक ते चार बंद असतं. कांडपाचे किलोला ७० रुपये घेतात, गेल्या वेळी ६० होते. भाजणीचे वेगळे. मला महाग वाटत नाही.

मसाला टिकतो का? माझा पहिल्या वेळचा अडीच वर्षं गेला. बरणीत तळाशी हिंगाचा खडा, वरून दाबून भरायचा, ओला चमचा घालायचा नाही. शेवटी शेवटी रंग उतरला पण चव होती.

तर यंदा गेले. पावणेदहाला शटर उघडलं, माझा पहिला नंबर. आप्पा आता बसूनच काम करतात, मुसळांकडे नातू बघतो. मी म्हटलं पाऊण किलो. त्यांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय वं माय, औंदा इतलीच? तठे खावाले लागत नही का?"

खायला लागतं की. पण सांगू कसं. मी आता आठवड्यातून चारदा उगाली खाते. मक्याच्या पिठाची घट्ट उकड, मोठ्या लाकडी उलथन्याने घोटायची, हाताने गोळा करून अंगठ्याने खळगा पाडायचा आणि त्यात भाजी उचलायची. आमच्याकडे सातपुड्यात मका खातातच, त्यामुळे पोट ओळखीचं होतं, हातच अनोळखी होता. सुरुवातीला दुकानातल्या पांढऱ्याशुभ्र पिठाची भाकरी थापायला जायचे, तव्यावर टाकेपर्यंत तुकडे. कोंडा आणि अंकूर काढून टाकलेलं पीठ ते. मग मामा वेकेसा मला पोशो मिलवर घेऊन गेली, म्हणजे आपली गल्लीतली चक्कीच, अख्खा मका डोक्यावरून न्यायचा आणि समोर दळून आणायचा. त्या पिठाची भाकरी झाली. पहिली भाकरी तिला दिली. तिने उगालीसारखा तुकडा मोडला, अंगठ्याने खळगा पाडायला गेली आणि भाकरी आरपार फाटली.

भाजी म्हणाल तर सुकुमा विकी. हिरवी पालेभाजी, दारात लावली की वर्षभर तोडत राहायची. नावाचा अर्थ 'आठवडा ढकल'. कांदा, टोमॅटो, मीठ, बस. मी त्यात पहिल्यांदा काळा मसाला घातला होता दोन चमचे. आता घालत नाही. कधी बंद केला ते आठवत नाही. नोंदणी झाल्यावर दवाखान्यात जायला लागले, दुपारी तिथल्या बायकांबरोबरच जेवते, त्या सुमारास कधीतरी असेल. काळा मसाला आता रविवारी, किंवा रोहनला शेवभाजी हवी असेल तेव्हा, किंवा भारतातून वाईट बातमीचा फोन आला की.

हे सगळं मी आप्पांना सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की तिथे तुम्हाला 'बाबू' म्हणतील, बाबू म्हणजे आजोबा. ते म्हणाले, "म्हातारपणी बाबू करी टाकं," आणि नातवाकडे बघून हसत बसले.

पाऊण किलोतला अर्धा किलो माझा. उरलेला पाव किलो मामा वेकेसाचा. ती वर्षभर मागे लागलीय, पण तिला तिखट नको. मसाल्याचा वास हवा, कली नको. आप्पांच्या डोक्यात हे काही बसेना. मिरची कमी घालून काळा मसाला करायचा म्हणजे काय, लोक हसतील, म्हणाले. वहिनींनी कढईवरून मान वर केली, बोलल्या नाहीत, पण मिरचीचा वाटा काढून चौथाई केला आणि धने वाढवले. नातवाने आधी उखळ धुतलं, मी न सांगता. पिशव्या मी घरून नेल्या होत्या, दुहेरी.

तारे चार. एक पॅकिंगचा कापला.

त्या पाव किलोच्या पिशवीवर आप्पांनी पेनाने 'कमी तिखट' लिहिलंय, आणि त्याखाली मी सांगितलं तसं एकेक अक्षर विचारत, 'पिलीपिली किडोगो'. मी बोटाला लावून चाखून बघितला. मला तर काहीच तिखट लागला नाही, पण माझ्या जिभेवर जायचं कारण नाही. पुढच्या महिन्यात कुंपणापलीकडे शिंक ऐकू येते का ते बघायचं.