जेरोम की बिस्बी? घरच्यांना घेऊन जाण्याआधी

अॅरिझोनात मुलाकडे किंवा बहिणीकडे आलेली मंडळी ग्रँड कॅन्यन बघून परतली, की एखादा रविवार रिकामा उरतो. मग जुन्या खाणगावांचा विषय निघतो. उत्तरेला जेरोम, दक्षिणेला मेक्सिकोच्या सीमेजवळ बिस्बी. दोन्ही तांब्यावर उभी राहिली, दोन्ही डोंगरात, दोन्हीकडे आता खाणकामगारांऐवजी कलाकार आणि दुकानदार. मी आई आणि मावशीला दोन्हीकडे नेलं आहे, आणि माझ्या मते ही गावं एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत.

अंतराचा हिशेब सोपा आहे. नातेवाईक फिनिक्सला असतील तर जेरोम साधारण दोन तासांवर, संध्याकाळी जेवायला घरी. टूसॉनला असतील तर बिस्बी दीड-पावणेदोन तास. फिनिक्सहून बिस्बीला मात्र एका बाजूला तीन तासांहून जास्त लागतात. एका दिवसात जाऊन-येऊन करू नका, मोठ्यांचे हाल होतात.

जेरोम सुमारे पाच हजार फुटांवर, डोंगराच्या उतारावर अक्षरशः लटकलेलं आहे. खालच्या सुरुंगांनी इथली जमीनच सरकली आणि गावचा तुरुंग आपल्या जागेवरून दोनशे फूट खाली आला. तो अजून तिथेच आहे. १९५३ मध्ये खाण बंद पडली, हजारोंच्या वस्तीत शंभरही माणसं उरली नाहीत. आज साडेचारशेच्या आसपास लोक राहतात. समोर सगळी व्हर्डे व्हॅली आणि पलीकडे सेडोनाचे तांबडे कडे. ऑड्री शाफ्ट या खाणीच्या उभ्या बोगद्याच्या तोंडावर जाड काच बसवली आहे, खाली १९०० फूट खोल विहिरीसारखा खड्डा. मावशीने आधी चपलेचा नुसता पुढचा भाग काचेवर टेकवला, माझा दंड घट्ट धरला आणि मग हळूच खाली वाकली. नंतर बराच वेळ ती बोलली नाही.

दुकानं दोन-तीन गल्ल्यांतच आहेत. नेली ब्लाय हे कॅलिडोस्कोपचं दुकान चुकवू नका. लहानपणी जत्रेत घेतलेली काचेच्या तुकड्यांची नळी आठवते आणि सत्तरीची माणसंही एकेक उचलून डोळ्याला लावतात. पण एका गल्लीतून दुसरीत जाताना चढ लागतो, आणि शनिवार-रविवारी उशिरा पोचलात तर पार्किंग लांब मिळतं. गुडघेदुखी असेल त्यांना आधी वर उतरवून मग गाडी लावायला जा.

बिस्बीत उलट आहे. हे गाव जिन्यांसाठी प्रसिद्ध, डोंगरभर पायऱ्याच पायऱ्या, म्हणून आई आधी नकोच म्हणत होती. पण दुकानांचा मुख्य रस्ता घळीच्या तळातून जातो आणि चढ सौम्य आहे. पायऱ्या न चढता दिवस छान जातो. गावही मोठं, पाचेक हजारांचं.

आणि इथे खाणीत खरंच आत जाता येतं. क्वीन माइन १९७५ मध्ये बंद झाली आणि पुढच्याच वर्षी लोकांसाठी उघडली. हेल्मेट, जाकीट, दिवा देतात आणि छोट्या गाडीवर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसवतात. म्हणून साडी नको, सलवार किंवा पँट हवी. आत वर्षभर आठ-नऊ अंश तापमान असतं, स्वेटर न्याच. बंद जागेत जीव घाबरतो त्यांना आग्रह करू नका. खाण कंपनीच्या १८९७ च्या कचेरीच्या इमारतीतलं संग्रहालय त्यांच्यासाठी उत्तम आहे. १९१७ मध्ये संपावरच्या हजाराहून अधिक कामगारांना बंदुकीच्या धाकाने गुरांच्या डब्यांत कोंबून न्यू मेक्सिकोत सोडून दिलं, ते याच गावात. हे ठाऊक असलं की रस्त्यातल्या त्या सुंदर जुन्या इमारती वेगळ्या दिसतात.

खरेदीत बिस्बीचं नाव आहे ते पिरोज्यामुळे. इथला निळा, तपकिरी रेषांचा खडा तांब्याबरोबर निघायचा. खाणकाम थांबलं तसा पुरवठाही आटला. त्यामुळे ‘बिस्बी’ म्हणून विकलेला प्रत्येक खडा बिस्बीचा नसतो. कुठल्या खाणीतला आहे, त्यावर राळेची प्रक्रिया केली आहे का, हे विचारा आणि पावतीवर लिहून घ्या. सरळ उत्तर मिळालं नाही तर पुढच्या दुकानात चला.

आणखी एक, फार महत्त्वाचं. बिस्बीहून उत्तरेला परतताना सीमा गस्तीची चौकी लागते. भारतातून आलेल्या प्रत्येकाचा मूळ पासपोर्ट आणि आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीची, प्रत जवळ ठेवा. मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका.

तर, हातात एकच दिवस आणि घर फिनिक्सला असेल तर जेरोम, सेडोनाला जोडून. एक रात्र काढता येत असेल तर मी बिस्बीच निवडेन. संध्याकाळी दिवसभराचे पाहुणे निघून गेल्यावर आई आणि मावशी मुख्य रस्त्यावरच्या बाकावर तासभर गप्पा मारत बसल्या होत्या, आणि त्यांना उठवायची मला अजिबात घाई नव्हती.