यलो फिव्हरचं लसीकरण केंद्र: सुई झटपट, वेळ कार्डाला द्या

मसाई मारा बघायला केनियाला निघालेल्या अनेकांना वाटतं की यलो फिव्हरची लस घेतल्याचं पिवळं कार्ड केनियात उतरताना दाखवायचं असतं. भारतातून थेट जाणाऱ्याला केनियाच्या नियमात ते बंधनकारक नाही. ते लागतं परतताना, आपल्याच विमानतळावर. कार्ड नसेल, किंवा असूनही अजून लागू झालेलं नसेल, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. या कडकपणाला सबळ कारण आहे. हा ताप पसरवणारा एडीस इजिप्ती डास आपल्याकडे डेंगी पसरवतोच आहे, फक्त यलो फिव्हरचा विषाणू इथे नाही. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण तीन ते सहा दिवस लागतात, म्हणून सहा दिवस. घाना आणि युगांडा मात्र आत शिरतानाच कार्ड मागतात.

टायफॉइड किंवा हिपॅटायटिस ए ची लस फॅमिली डॉक्टर देऊ शकतात, ही नाही. ती केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मान्यता दिलेल्या केंद्रांतच घ्यावी लागते: मुंबईत विमानतळ आणि बंदर आरोग्य कार्यालयं, पुण्यात सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय (एएफएमसी), गोव्यात मुरगावचं बंदर आरोग्य कार्यालय. काही खासगी रुग्णालयांनाही मान्यता आहे, पण जाण्याआधी मंत्रालयाच्या यादीत नाव तपासा. यादीबाहेरच्या ठिकाणी घेतलेल्या लसीचं कार्ड विमानतळावर चालत नाही. सरकारी केंद्रात खर्च बराच कमी येतो आणि दोन्हीकडच्या कार्डाला मान सारखाच. हाताशी महिना असेल तर सरकारी केंद्रच निवडावं.

सरकारी केंद्राबद्दलची नेहमीची तक्रार म्हणजे ‘आज लस नाही, अमुक वारी या’. यात नुसती टाळाटाळ नसते. सरकारी पुरवठ्यातली कुपी बहुधा अनेक डोसांची असते. आतली पावडर द्रावणात मिसळली की ती 2 ते 8 अंशांत ठेवून सहा तासांच्या आत संपवावी लागते, उरलेली टाकून द्यायची. एकट्या माणसासाठी कुपी फोडली तर बाकीचे डोस वाया. म्हणून ठरलेले वार, मोजक्या जागा आणि आधी नोंदणी. खरा दोष दुसरा आहे: साठा संपल्याची खबर अनेकदा दारात पोहोचल्यावरच मिळते. आदल्या दिवशी फोन करून खात्री करा.

लस 0.5 मिलि, दंडात कातडीखाली, एकदाच. कार्ड लागू होतं ते दहा दिवसांनी, कारण पुरेशी प्रतिकारशक्ती यायला तेवढा वेळ लागतो. 5 तारखेला घेतली तर 15 पासून. सगळ्यात जास्त लोक चुकतात ते इथेच.

केंद्राची पारख सुईवरून होत नाही, सुईआधीच्या प्रश्नांवरून होते. ही जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची लस आहे. अंड्याची तीव्र ॲलर्जी, थायमस या छातीतल्या ग्रंथीचा आजार, केमोथेरपी, जास्त मात्रेतली स्टेरॉइड्स, एचआयव्ही, गरोदरपण, अंगावरचं दूध पिणारं बाळ, हे सगळं डॉक्टरांनी विचारायलाच हवं. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला सहसा देत नाहीत. साठी ओलांडलेल्यांनी पहिला डोस घेताना विशेष जपावं, त्या वयात गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो. सफारीच्या ग्रुप टूरमध्ये याच वयाची मंडळी भरपूर असतात, म्हणून हे ठासून सांगायला हवं. जिथे काहीही न विचारता बाही वर करायला सांगतात, तिथे आपला आजार आणि चालू गोळ्या आपणच सांगा. लस देणं धोक्याचं असेल तर डॉक्टर सूट मिळावी असं लेखी देतात, पण ती मानायची की नाही हे त्या त्या देशाचे अधिकारी ठरवतात. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) किंवा कांजिण्यांची लसही घ्यायची असेल तर दोन्ही एकाच दिवशी, नाहीतर मध्ये चार आठवडे. टोचल्यावर अर्धा तास तिथेच थांबा. पुढे काही दिवस कणकण, अंगदुखी होऊ शकते. रक्तदान चार आठवडे नाही.

आता कार्ड. मूळ पासपोर्ट आणि त्याच्या पहिल्या-शेवटच्या पानांची झेरॉक्स न्या. काउंटर सोडण्याआधी नाव पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर जुळतंय ना, पासपोर्ट क्रमांक, लसीचा उत्पादक आणि बॅच क्रमांक, डॉक्टरांची हाताने केलेली सही आणि केंद्राचा अधिकृत शिक्का, हे सगळं पाहून घ्या. तारखेतला महिना अक्षरांत हवा. एखादा रकाना रिकामा असला किंवा खाडाखोड झाली तर कार्ड बाद ठरू शकतं. चूक दिसली तर पेन फिरवू देऊ नका, नवं कार्ड मागा. लहान मुलाचंही कार्ड वेगळं, त्यावर सही पालकाची.

11 जुलै 2016 पासून हे कार्ड आयुष्यभर चालतं. त्याआधीच्या कार्डावर दहा वर्षांची मुदत लिहिलेली असली तरी तेही चालतं. नवा पासपोर्ट निघाला तर कार्डावरच्या क्रमांकाला हात न लावता जुना पासपोर्ट सोबत ठेवा.

आदिस अबाबा किंवा नैरोबीला नुसतं विमान बदलणाऱ्यांसाठी भारताच्या नियमात सूट आहे, पण पूर्ण वेळ विमानतळाच्या आवारातच राहिलेलं असावं आणि इथल्या आरोग्य अधिकाऱ्याला ते पटायला हवं. बोर्डिंग पास जपून ठेवा. तिथून पुढे दक्षिण आफ्रिकेला जायचं असेल तर वेगळं गणित: मधला थांबा बारा तासांहून लांबला की दक्षिण आफ्रिकेचे अधिकारी कार्ड मागतात.