डायव्ह कॉम्प्युटर, आठ महिन्यांनी: तो बाण आणि 48 तासांचं कुलूप

गॅस, अल्गोरिदम, डेप्थ रेटिंग वगैरे सगळ्यांना पाठ आहे, ते सोडतो. हा मनगटावर बांधायचा, खोली आणि वेळ मोजून वर येताना कुठे किती थांबायचं ते सांगतो. दुबईत सेकंडहँड घेतला, 1400 दिरहम. सात महिने एकच तक्रार होती, बटणांची. जाड हातमोज्यांतून गॅस (श्वासाचं मिश्रण) बदललाय हे त्याला सांगायचं तर तिसऱ्या-चौथ्या दाबाला दाद देतो. त्यावर अर्धं पान लिहून ठेवलं होतं. इजिप्तमधल्या दहाबला जे झालं त्यानंतर बटणांना माफ केलं.

ब्लू होल, म्हणजे समुद्रातलं खोल विवर; 55 मीटरला 20 मिनिटं, ट्रायमिक्सवर (ऑक्सिजन, हेलियम, नायट्रोजन). वर येताना 21 मीटरला पन्नास टक्के ऑक्सिजनचा नायट्रॉक्स लावला, 12 मीटरला थांबलो आणि ड्रायसूटचा इन्फ्लेटर (सूटमध्ये वायू भरणारा व्हॉल्व्ह) उघडाच अडकला. होज काढेपर्यंत बुचासारखा वर. 22 मिनिटांचे थांबे शिल्लक, म्हणजे अंगात विरघळलेला वायू हळूहळू बाहेर पडावा म्हणून घ्यायचे ते. बडी (जोडीदार) खालीच, त्याला त्याचे थांबे पुरे करायचे होते. (इन्फ्लेटरची सर्व्हिस मी पुढच्या पगारावर ढकलली होती. असो.)

आता कॉम्प्युटर. पाण्यावर हा नुसता कोकलतोय आणि पडद्यावर खालच्या दिशेचा बाण: सीलिंग 12 मीटर, याच्या वर यायचं नाही. म्हणजे, जा परत! एकटा, बिघडलेल्या सूटमध्ये. खोटं कशाला बोलू, मी डोकं खाली घातलंही होतं. कसाबसा घुटमळलो तोवर तीन मिनिटं झाली. बाण गेला, एरर आली, 48 तास कुलूप, म्हणजे थांब्यांचा हिशेब बंद. तेव्हा मनसोक्त शिव्या घातल्या. मग 6 मीटरसाठी नेलेला ऑक्सिजन तिथेच तरंगत ओढायला लागलो. तिथल्या दोघांनी मला पायसुद्धा मारू न देता किनाऱ्याला ओढत नेलं, कारण अशा वेळी अंगमेहनत नको.

दीड तासाने डावा खांदा ठणकायला लागला, म्हणजे अंगात वायूचे बुडबुडे झालेले. मग उपचाराचं दाबाचं चेंबर, ‘टेबल 6’ हे ठरलेलं वेळापत्रक: 18 मीटरच्या दाबाला शुद्ध ऑक्सिजन, दर 20 मिनिटांनी 5 मिनिटं साधी हवा, नंतर 9 मीटर. एकूण पावणेपाच तास. डॉक्टरांनी विचारलं, किती थांबे बुडवले? लॉगमध्ये खोली आणि वेळ सापडली, राहिलेले थांबे नाहीत. ते मनगटावरच्या पाटीवर पेन्सिलीने लिहिलेले होते म्हणून सांगता आले. पाटी 20 दिरहमची.

इथवरचं रागात लिहिलं होतं, एक तारा देऊन. डॉक्टरांना कुलपाचं गाऱ्हाणं सांगितलं तर ते हसले. म्हणाले, ते पडलं नसतं तर तू खाली गेला असतास. खरंय. तेव्हा कुलपावरचा राग मागे, बाणावरचा कायम. सर्व्हिसवाल्यांना विचारलं तर म्हणे कुलूप आपोआप सुटतं, पण ‘तपासणी’चे 350. सुटलं आपोआप, मग तपासायचं काय? दिले नाहीत.

तीन तारे. उपचारानंतर 72 तास विमान बंद, त्यामुळे नवं तिकीट काढावं लागलं. तो खर्च मी कॉम्प्युटरच्या खात्यात धरलाय. बायको इन्फ्लेटरच्या खात्यात धरते.